पाळीच्या कळा: दुखण्याची वेळ ओळखून आराम मिळवण्याच्या पायऱ्या

मासिक पाळीत ओटीपोटात कळा येणे इतके सर्रास आढळते की त्याविषयी वेगळे काही सांगण्यासारखे नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मात्र हे दुखणे कशामुळे होते, औषध केव्हा घेतले असता लागू पडते आणि कोणते दुखणे ‘पाळीचेच आहे’ म्हणून अंगावर काढू नये, या तीन प्रश्नांची उत्तरे अनेक जणींना वर्षानुवर्षे कोणी दिलेलीच नसतात. ज्यांना नुकत्याच कळा येऊ लागल्या आहेत, ज्यांची आजवर सुसह्य असलेली पाळी अलीकडे त्रास देऊ लागली आहे, किंवा घरातील मुलीला मदत कशी करावी हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातील उपायांपैकी बहुतेक उपाय ऐकून माहीत असतात. चूक होते ती बहुधा त्यांच्या वेळेत, आणि म्हणून येथे प्रत्येक पायरीवर वेळेचा विचार आधी केला आहे.

कळ येते तेव्हा आत काय घडते

गर्भाशय म्हणजे जाड स्नायूंची एक पिशवी. तिच्या आतील अस्तर दर महिन्याला वाढते, आणि गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरून ते अस्तर सुटू लागते. सुटताना त्याच्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. ही द्रव्ये गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात आणि तेथील रक्तवाहिन्याही आवळतात, त्यामुळे जोरात काम करणाऱ्या त्या स्नायूला नेमक्या त्याच वेळी प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत या द्रव्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. दुखण्याचा जोरही त्याच दिवसांत असतो, हा योगायोग नव्हे. त्यांतील काही अंश रक्तात मिसळतो, म्हणून मळमळ, उलटी, पातळ शौचाला होणे, डोके दुखणे हे त्रासही सोबत येतात. पाळीत पोट का बिघडते याचे कारण अनेकदा आदल्या दिवशीच्या जेवणात शोधले जाते, पण ते बहुधा येथे असते.

यातून आणखी एका प्रश्नाचा उलगडा होतो. मुलीची पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने काहीच त्रास नसतो आणि सहा महिने ते दोन वर्षांनी एकाएकी कळा सुरू होतात, तेव्हा घरचे घाबरतात. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांमध्ये बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉनचा हा चढउतारही होत नाही. चक्र नियमित होऊ लागले की कळा येऊ लागतात. दुसरा कोणताही आजार नसताना येणाऱ्या अशा दुखण्याला वैद्यकशास्त्रात प्राथमिक स्वरूपाची वेदना म्हणतात. आजार नाही याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा मात्र होत नाही.

पहिली पायरी: हे दुखणे पाळीचेच आहे ना, याची खात्री करावी

ओटीपोट हा दाटीवाटीचा भाग आहे. गर्भाशय, बीजकोश, गर्भनलिका, मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि उजव्या बाजूला अपेंडिक्स हे सारे शेजारी शेजारी असल्याने त्यांपैकी कोणाचेही दुखणे साधारण एकाच ठिकाणी जाणवते. त्यामुळे शेक घेण्याच्या किंवा गोळी शोधण्याच्या आधी पुढील परिस्थिती नाहीत ना, हे पाहावे. यांपैकी एखादी असेल तर घरी थांबू नये.

पाळी चुकलेली किंवा लांबलेली असताना ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, दुखू लागले, थोडेसे अंगावरून गेले, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत रुजला असण्याची शक्यता असते. नलिका फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. थोडे अंगावरून गेले म्हणजे पाळी आली, असे गृहीत धरल्यामुळे येथे मोलाचा वेळ वाया जातो. गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल तर लघवीची तपासणी करावी, पण वरीलपैकी लक्षणे जोरात असतील तर त्या तपासणीसाठीही न थांबता रुग्णालयात जावे.

एका बाजूला अचानक, श्वास रोखून धरावा लागेल अशी कळ आली आणि सोबत उलट्या सुरू झाल्या, तर बीजकोशाला पीळ पडला असू शकतो. तो वाचवायचा असेल तर काही तासांतच उपचार व्हावे लागतात. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे, अन्नावरची वासना उडवणारे आणि ताप आणणारे दुखणे अपेंडिक्सचे असू शकते. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि ओटीपोटात सतत ठणका असेल तर जननमार्गातून वर गेलेल्या संसर्गाचा विचार करावा लागतो, आणि त्याला उशीर केल्यास गर्भनलिकांचे कायमचे नुकसान होऊ शकते. मोठे पॅड तासाभरात पूर्ण भिजते आणि सलग दोन तासांहून अधिक काळ असेच चालते, किंवा उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तर तेही तातडीचे समजावे. टॅम्पॉन (पाळीचे रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायची कापसाची वळी) वापरणाऱ्या स्त्रीला एकाएकी खूप ताप, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा आणि गळून गेल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली, तर टॅम्पॉन लगेच काढून रुग्णालय गाठावे.

लघवीला जळजळ, वारंवार लघवीला जावे लागणे, किंवा बद्धकोष्ठतेने पोट फुगणे ही कारणे इतकी तातडीची नसली तरी त्यांचा उपचार वेगळा आहे. पाळीच्या कळांवरील गोळीने ती झाकली जातात, बरी होत नाहीत. वयात येण्याची इतर लक्षणे दिसत असलेल्या, पण अद्याप पाळी न आलेल्या मुलीचे पोट दर महिन्याला ठरावीक दिवशी दुखत असेल, तर योनिमार्गात जन्मतः अडथळा असून रक्त आत साचत असण्याची शक्यता असते. तिला ‘येईल हळूहळू’ म्हणत ठेवू नये.

दुसरी पायरी: तीन पाळ्यांची नोंद ठेवावी

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी वाटते, म्हणून ती सर्वाधिक वगळली जाते. वास्तविक पुढचे सारे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात. वहीत किंवा मोबाइलमध्ये रोज एक ओळ पुरते. पाळीचा कितवा दिवस, दुखणे ० ते १० यांपैकी किती, ते कोणत्या वेळी सुरू झाले, कोठे होते (मध्यभागी, एका बाजूला, कमरेत, मांड्यांत), किती पॅड लागले, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि तिने किती वेळात फरक पडला, एवढे लिहावे. त्या दिवशी शाळा, काम किंवा झोप बुडाली असल्यास तेही लिहावे, कारण डॉक्टरांना आकड्यापेक्षा त्यावरून दुखण्याचे वजन अधिक कळते.

तीन पाळ्यांनंतर ही नोंद वाचली की दुखण्याचा स्वभाव दिसू लागतो. प्राथमिक स्वरूपाच्या कळा रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधी किंवा त्यासोबतच येतात, ओटीपोटाच्या मध्यभागी असतात, थांबून थांबून उठतात, कंबर व मांड्यांपर्यंत पसरतात आणि बहुधा ८ ते ७२ तासांत ओसरतात. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी एका बाजूला थोडे दुखून एक-दोन दिवसांत थांबत असेल, तर ते स्त्रीबीज बाहेर पडतानाचे दुखणे असते आणि त्यासाठी सहसा काही करावे लागत नाही. याउलट, पाळीच्या कितीतरी दिवस आधी सुरू होणारे, पाळी संपल्यावरही मागे राहणारे, किंवा दर महिन्याला थोडे थोडे वाढत जाणारे दुखणे वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते. त्याविषयी पुढे येईलच.

तिसरी पायरी: शेक

गरम पाण्याच्या पिशवीला ‘आजीचा उपाय’ म्हणून हलके लेखण्याचे कारण नाही. उष्णतेने स्नायू सैलावतात आणि त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो, म्हणजे वर सांगितलेल्या बिघाडाच्या दोन्ही टोकांवर ती काम करते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सिअसची सौम्य उष्णता देणारी पट्टी तासन्‌तास लावून ठेवली, तेव्हा तिने आयब्युप्रोफेनच्या गोळीइतकाच आराम दिला. येथे ३९ हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: तो कोमट स्पर्शाचा आहे, चटक्याचा नाही. जेवढे गरम तेवढे चांगले, ही समजूत चुकीची आहे. सौम्य उष्णता बराच वेळ मिळणे महत्त्वाचे.

पिशवीत उकळते पाणी भरू नये. नळाचे गरम पाणी, किंवा उकळून थोडे निवू दिलेले पाणी दोन-तृतीयांश भरावे, उरलेली हवा दाबून काढावी, बूच घट्ट लावून पिशवी उलटी करून पाहावी आणि टॉवेलमध्ये गुंडाळूनच पोटावर ठेवावी. रबराला भेगा दिसू लागल्या की ती पिशवी टाकून द्यावी. पंधरा-वीस मिनिटांनी त्वचा पाहावी, आणि पिशवी किंवा विजेचे पॅड पोटावर ठेवून झोपी जाऊ नये. वारंवार जास्त गरम शेक घेतल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. ते दिसले तर शेकाची उष्णता कमी करावी आणि तेवढा शेक ज्या दुखण्यामुळे लागतो आहे त्याची तपासणी करून घ्यावी. घराबाहेर असताना कपड्यांवर आतून चिकटवण्याच्या उष्ण पट्ट्या सोयीच्या ठरतात. कमरेत अधिक दुखत असेल तर पिशवी पाठीशी ठेवली तरी चालते.

चौथी पायरी: गोळी, आणि ती केव्हा

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी असे दाखवले की ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच रोखतात. प्रोस्टाग्लँडिनवरील संशोधनासाठी त्यांना १९८२ मध्ये इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पाळीच्या कळांसाठी या शोधाचा अर्थ फार सरळ आहे. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही याच गटातील औषधे नवी द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, पण आधीच तयार होऊन पसरलेली द्रव्ये पुसून टाकत नाहीत. म्हणून ‘अगदीच सहन होईना तेव्हा एक गोळी’ ही जी रीत बहुतेक जणी पाळतात, तिच्यात गोळी सर्वांत कमी उपयोगी पडते, आणि मग ‘मला या गोळीने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष गोळीचा कमी, घड्याळाचा अधिक.

पहिली मात्रा कळ सुरू होताच किंवा रक्तस्राव दिसताच घ्यावी. ज्यांची पाळी नियमित आहे आणि ज्यांच्या नोंदीत ती येण्याची वेळ स्पष्ट दिसते, त्यांनी गरोदर नसल्याची खात्री असल्यास आदल्या दिवशी सुरुवात केली तरी चालते. त्यानंतर पहिले दोन-तीन दिवस गोळी ठरावीक अंतराने घ्यावी, दुखण्याची वाट पाहू नये. प्रौढ स्त्रीसाठी आयब्युप्रोफेनची सर्वसाधारण मात्रा एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दर ६ ते ८ तासांनी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसभरात १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, अशी असते. नॅप्रोक्सेन व मेफेनॅमिक ॲसिड यांच्या मात्रा वेगळ्या आहेत, त्या वेष्टनावरून किंवा डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात. किशोरवयीन मुलींची मात्रा वय व वजन पाहून ठरवावी. गोळी काही खाऊन, भरपूर पाण्यासोबत घ्यावी. या गटातील दोन औषधे एकत्र घेऊ नयेत. नावे वेगळी असली तरी आतील औषध एकाच जातीचे असू शकते, म्हणून मोठ्या अक्षरांतले नाव न वाचता बारीक अक्षरांतला घटक वाचावा. १६ वर्षांखालील मुलींना स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नये.

ही औषधे सर्वांना चालत नाहीत. जठरात व्रण असल्यास किंवा पूर्वी रक्ताची उलटी झाली असल्यास, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, अशा गोळीने पूर्वी दम्याचा झटका आला असल्यास, गरोदरपणात, किंवा डेंग्यूसारख्या तापाची शंका असताना ती स्वतःहून घेऊ नयेत. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, ताप आला, चेहरा सुजला किंवा शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला, तर ती बंद करून डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना ही औषधे वर्ज्य आहेत त्यांना पॅरासिटामॉल हा सौम्य पर्याय उरतो; पाळीच्या कळांवर त्याचा परिणाम तुलनेने कमी असतो, पण पोटाला तो कमी त्रास देतो. यकृताचा आजार असेल तर तोही विचारूनच घ्यावा.

या गोळ्यांची सवय लागते आणि पुढे मूल होण्यात अडचण येते, ही भीती पुष्कळ ऐकू येते. महिन्यातून दोन-तीन दिवस योग्य मात्रेत घेतलेल्या या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र गर्भधारणेसाठी प्रयत्न करत असणाऱ्यांनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास सतत घेतल्यास ती त्या क्रियेत तात्पुरता अडथळा आणू शकतात.

पाचवी पायरी: हालचाल आणि इतर आधार

पाळीत व्यायाम करू नये, असा नियम शरीराने घातलेला नाही. आठवड्यातून तीन वेळा, ४५ ते ६० मिनिटे नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये पाळीचे दुखणे लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. चालणे, योगासने, पोहणे यांपैकी जे जमेल ते पुरते. अर्थात हा लाभ महिनाभराच्या सातत्याचा आहे. कळ ऐन भरात असताना एखादीला ‘जरा व्यायाम कर’ असे सांगणे म्हणजे तिचा राग ओढवून घेणे होय. त्या वेळी कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडावे, नाहीतर गुडघ्यांवर बसून पुढे वाकावे आणि कपाळ जमिनीला टेकवावे. अनेक जणींना अशा स्थितीत ताण उतरल्यासारखे वाटते.

सौम्य विद्युत स्पंदने देणारे छोटे यंत्र, ज्याला टेन्स म्हणतात, तेही काहींना उपयोगी पडते, विशेषतः ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांना. हृदयात पेसमेकर असल्यास किंवा गरोदर असल्यास ते वापरू नये. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत पाळीचे दुखणे अधिक आढळते.

सहावी पायरी: तीन पाळ्यांनंतरही आराम नसेल तर

गोळ्या योग्य वेळी व योग्य मात्रेत घेऊनही दर पाच जणींमागे सुमारे एकीला पुरेसा आराम मिळत नाही. तीन पाळ्या हा प्रयत्नाचा वाजवी काळ आहे. त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. नोंदीत दुखणे वाढत जाताना दिसले, पंचविशीनंतर प्रथमच कळा सुरू झाल्या, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखू लागले, पाळीत शौचाला किंवा लघवीला होताना कळ येऊ लागली, रक्तस्राव आठ दिवसांहून अधिक चालला किंवा अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडू लागल्या, तर तीन पाळ्याही थांबू नये.

अशा दुखण्यामागे सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना व मुलींना हा आजार असतो, आणि तरीही त्याचे निदान व्हायला पुष्कळदा कित्येक वर्षे लागतात. साधी सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही, असे ठरत नाही. हे वाक्य तपासणीला जाण्याआधी पाठ करून ठेवावे. याशिवाय गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरणे (याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, आणि ते बहुधा पस्तिशीनंतर लक्षात येते), फायब्रॉइडच्या गाठी, बीजकोशातील सिस्ट, जुना संसर्ग ही इतर कारणे असतात. तांब्याची कॉपर-टी बसवल्यावर पहिले काही महिने कळा व रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ती केव्हा बसवली हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

मोठा आजार न सापडल्यास, आणि काही आजारांतही, डॉक्टर संप्रेरकांचे उपचार सुचवतात: गर्भनिरोधक गोळ्या, केवळ प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे, किंवा गर्भाशयात बसवण्याचे संप्रेरकयुक्त साधन. अविवाहित मुलीला गर्भनिरोधक गोळी दिली म्हणून घरच्यांनी बिचकण्याचे कारण नाही. ती येथे अस्तर पातळ ठेवण्यासाठी व बीज बाहेर पडणे थांबवण्यासाठी वापरली जाते, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनच कमी तयार होतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, पायाच्या शिरेत पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान यांपैकी काही असेल तर ते लपवू नये, कारण अशा वेळी इस्ट्रोजेन असलेली गोळी धोक्याची ठरते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘पोटात दुखते’ एवढेच म्हणून गप्प बसणे स्वाभाविक आहे, म्हणून बोलणे आधीच लिहून न्यावे: शेवटची पाळी केव्हा आली, दुखणे कधीपासून बदलले, कोणती गोळी किती मात्रेत व कोणत्या वेळी घेऊन पाहिली, आणि महिन्यातून किती दिवस कामाला मुकावे लागते. आतून करायच्या तपासणीसाठी संमती विचारली जाणे हा हक्क आहे; ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांची सोनोग्राफी सहसा पोटावरून, मूत्राशय भरलेले असताना करता येते, तसे स्पष्ट सांगावे. ‘मूल झाले की थांबेल’ असे उत्तर मिळाले, तर आज काय करायचे हे पुन्हा विचारावे, आणि समाधान न झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. उपचार सुरू झाल्यावरही नोंद पुढील तीन महिने चालू ठेवावी, कारण संप्रेरकांच्या औषधांचा खरा परिणाम दिसायला तेवढा अवधी लागतो आणि मात्रा बदलायची की औषधच बदलायचे, हे त्याच वहीवरून ठरते.